भिंतीकडची बाजू

पोळा झाला, पाऊस भोळा, असं आमच्याकडे म्हणतात. बैलांचा सण उरकला की पावसाचा जोर ओसरतो. येतो, पण घाईतल्या पाहुण्यासारखा, दारातूनच डोकावून जातो. वर्ध्याहून सेलूकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन दाट झालेलं असतं, कपाशीला पिवळी फुलं धरू लागतात, आणि उकाडा असा की बसच्या खिडकीतून वारासुद्धा गरम येतो. बाजारात केवडा येतो, आघाड्याच्या जुड्या येतात, सोळा भाज्यांचे एकत्र वाटे लावून बायका पोत्यावर बसतात. या दिवसांत माणसांना हुरूप चढतो. मला धाकधूक होते. लहानपणीही व्हायची, पण तिचं कारण वेगळं होतं. यंदा बसमध्ये बसले तेव्हा तळहाताला सुटलेला घाम मी पदराला पुसला आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "तब्येत बरी नाई का?" मी म्हटलं, माहेरी चालले महालक्ष्म्यांना. त्या म्हणाल्या, "मंग तं मजा आहे." मी हसले.

इतर ठिकाणी ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. तीन दिवसांच्या माहेरपणाला येतात. पहिल्या दिवशी दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढून त्यांचे मुखवटे आत आणायचे. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, आणि डोक्यावर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकू आणि पाठवणी. ऐकायला किती गोड. पण आमच्या भागात या दोघींबद्दल बोलताना बायका एक शब्द हमखास वापरतात आणि तो वापरताना आवाज खाली घेतात. "कडक आहेत." म्हणजे चूक खपत नाही. अमक्यांच्या घरी आंबील विसरली आणि त्याच दिवशी मोठ्या सुनेचा हात भाजला. तमक्यांनी जुनीच साडी धुऊन नेसवली आणि वर्षभरात घराचे दोन भाग झाले. या गोष्टी मी फराळाबरोबर खात मोठी झाले. मुखवट्यांचे डोळे मोठे, काजळ भरलेले. खोलीत कुठेही उभी राहिले तरी ते माझ्याकडेच बघताहेत असं वाटायचं, म्हणून मी आरतीला नेहमी आईच्या मागे उभी राहायची.

बाबांना मात्र भीती नव्हती. बाबांचं सेलूच्या बाजारओळीत साड्यांचं दुकान होतं, आणि आमच्या घरी महालक्ष्म्यांना साड्या नेसवण्याचं काम बाबांचं होतं. बाकीच्या घरी ते बायका करतात. आमच्या घरी आईनेच लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी हात टेकले होते. "या माणसाच्या निऱ्या पाह्यल्यावर मले माह्याच निऱ्यांची लाज वाटते," असं ती चारचौघींत सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा अजिबात लाजलेला नसायचा.

दुकानाच्या काचेत दोन पुतळे होते. महिन्यातून दोनदा बाबा त्यांच्या साड्या बदलायचे, आणि तेव्हा मी काउंटरवर बसून बघत असायचे. ही साडी नेसवणं नसतंच. साडी पूर्ण मोडली तर तिची कोरी घडी जाते आणि मग ती विकत कोण घेणार? म्हणून समोर लागेल तेवढीच साडी उलगडायची, चार निऱ्या घालायच्या, पदर खांद्यावरून सोडायचा आणि उरलेली सगळी साडी तशीच घडीची घडी पाठीमागे कोंबून टाचण्या मारायच्या. पुढून बघाल तर नवरी, मागून बघाल तर गाठोडं. बाबांच्या शर्टाच्या खिशाच्या पट्टीला टाचण्यांची ओळ लावलेली असायची, शिपायाच्या छातीवर पदकं असावीत तशी. टाचणी काढायची, दातात धरायची, टोचायची. मी विचारायचे, मागून कोणी पाहिलं तर? बाबा म्हणायचे, "गिऱ्हाईक समोरून येते बापा. मांगून फक्त चोर येते."

पण महालक्ष्म्यांना टाचणी नाही. एकही नाही. लोखंडी अडणीवर, म्हणजे उंच तिवईवर, धान्य भरलेल्या कापडी कोथळ्या, त्यावर नऊवारी पूर्ण उलगडून, कासोटा घालून, मागच्या निऱ्यासुद्धा पुढच्याइतक्याच बोटाबोटाने मोजून. जिथे धरून ठेवायला लागेल तिथे दोऱ्याचा टाका. आणि हे सगळं झाल्यावर त्या दोघी भिंतीकडे पाठ करूनच तर उभ्या राहायच्या. नववीत असताना मला फार अक्कल आली होती. मी म्हटलं, बाबा, मागचं कोणाला दिसतं?

"भिंतीले दिसते," बाबा म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी हातातली निरी तशीच धरून सांगितलं, "हे पाह्य. दुकानातली बाहुली हाय ते दाखवाची हाय. ह्या माहेरी आल्या. माहेरी आलेल्या पोरीले टाचण्या टोचतेत का?"

आता वाटतं, आमच्या घरातली सगळी श्रद्धा त्या एका वाक्यात होती. आई उपास करायची, पोथी वाचायची, सोवळं पाळायची. बाबा फक्त पाठीमागच्या निऱ्या घालायचे.

बाबांचा हा सोस सणापुरता नव्हता, म्हणून तर तो सोसवायचा नाही. काकडी चिरली की चकत्या ताटलीत गोल लावल्या पाहिजेत. दोरीवरचे टॉवेल काठाला काठ जुळवून वाळले पाहिजेत. माझ्या वह्यांची कव्हरं ते इतकी घट्ट घालायचे की वही उघडताना कुरकुरायची. एकदा आईला मलेरिया झाला, अंगात ताप फणफणलेला, आणि बाबा तिच्या पायाशी चादरीचे कोपरे सारखे करत होते. आई म्हणाली, "मले नेल्यावर कराल तं जास्त नीट होईल." बाबा आणि मी दोघंही हसलो. बाबांनी कोपरा खोचला आणि मगच तिच्या कपाळावर पट्टी ठेवली. मीठ डावीकडे, लिंबू त्याच्या शेजारी, भाजी उजवीकडे, वरणभाताची मूद मध्ये, असं ताट वाढलेलं असल्याशिवाय ते पहिला घास घेत नसत. घरात फक्त पिठलं-भाकर असली तरी ती पानात देखणी बसलेली असे. मला मैत्रिणींकडे जेवायला आवडायचं, कारण तिथे ताटात पदार्थ एकमेकांत मिसळलेले चालत.

कॉलेजात असताना मी यावर चिडून बोलले होते. भाद्रपदच होता. हळदीकुंकवाला बायका येत होत्या, आरास बघत होत्या, कोणाची झालर, कोणाचा फुलोरा, कोणाच्या महालक्ष्म्या जास्त देखण्या याची तोलामापी चालू होती. शेजारच्या कुसुमकाकू तर नुसत्या समोरून बघून समाधान मानणाऱ्या नव्हत्या. त्या वाकून, मान तिरकी करून, भिंत आणि मूर्ती यांच्यामधल्या फटीत डोकावायच्या. गावात आरास लावणाऱ्या प्रत्येक घराला त्यांचा धाक होता. त्या गेल्यावर मी म्हटलं, हा सगळा देखावा आहे. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी फार साधं विसरले होते. "देखावा म्हणजे काय व? आपल्या घरी आलेल्याले बरं वाटावं म्हणून केलेलं काम." मी जास्तच चिडले आणि माडीवर जाऊन बसले. आज मी वर्ध्यात एका शाळेत गणित शिकवते आणि मुलांना सांगते की उत्तर बरोबर असलं तरी उदाहरण नीट मांडलं नाही तर मार्क कापेन. हे वाक्य कोणाचं आहे ते त्यांना माहीत नाही.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन महालक्ष्म्यांच्या आठच दिवस आधी झालं. काळा चष्मा, वाकायचं नाही, चुलीसमोर जायचं नाही. मी सुटी काढून आले. बाबांनी नेहमीसारख्या साड्या नेसवल्या. जरा जास्त वेळ लागला, पण त्यांचं वय झालं होतं. समोरून काय दिसत होत्या त्या दोघी. ज्येष्ठेला हिरवी, कनिष्ठेला जांभळी, निऱ्या वहीच्या पानांसारख्या सारख्या. कुसुमकाकूंच्या गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्यांनाही फटीत डोकावता आलं नाही, त्या खुर्चीत बसूनच म्हणाल्या, "शेटजीचा हात काई म्हातारा झाला नाई." बाबा खूश झाले. आई काळ्या चष्म्याआडून बघत होती, म्हणजे तिला काय दिसत होतं देव जाणे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवणी झाली, मुखवटे हलवले, आणि साड्या उतरवायला मी मागे गेले. एरवी हे आईचं काम. ज्येष्ठेच्या पाठीला हात लावला आणि बोटाला काहीतरी टोचलं.

मागे कासोटा नव्हता. निऱ्या नव्हत्या. साडीची अर्धीअधिक घडी तशीच गुंडाळून कंबरेवर कोंबली होती आणि तिच्यात टाचण्या मारल्या होत्या. कनिष्ठेलाही तसंच. मी एकेक काढत गेले. अकरा. बाबा बाहेरच्या खोलीत आरतीचं तबक पुसत होते, स्वच्छ, काठाकाठाने. मला त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी शिकलेली बाई आहे, मला माहीत आहे की पितळेच्या मुखवट्याला आणि गव्हाच्या कोथळीला काही टोचत नाही. पण त्या क्षणी पहिली भीती जी आली ती चौथीतल्या मुलीची होती. तीन दिवस. तीन दिवस त्या टाचण्या पाठीत घेऊन उभ्या होत्या. आता काय होईल?

दुसरी भीती जरा उशिरा आली, आणि ती अजून गेलेली नाही. बाबा नेसवताना कुठे होते? त्यांना वाटत होतं ते दुकानात आहेत का?

दुकान बंद करून तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिथे आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. मी अकरा टाचण्या वहीच्या कागदात बांधल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. आईला सांगितलं नाही. ती घाबरेल, तिला डोळ्याचा ताण नको, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तिने "कडक आहेत" हा शब्द उच्चारावा अशी माझी तयारी नव्हती.

त्यानंतर एकेक दिसत गेलं, की मी बघायला शिकले म्हणून दिसलं, कोण जाणे. मी दर शनिवारी जायला लागले आणि घरात शिरल्याबरोबर चोरासारखी सगळीकडे नजर टाकायची. टॉवेल नीट आहेत का? आहेत. हुश्श. वर्तमानपत्राची घडी? आहे. दिवाळीच्या सुमारास एकदा काकडीच्या चकत्या ताटलीत गोल लावलेल्या होत्या, फार सुरेख, आणि काकडीची सालं काढायची राहिली होती. एकदा त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, मीठ डावीकडे, लिंबू शेजारी, सगळं जागच्या जागी, आणि मग जेवायचं विसरून ते ताटाकडे बघत बसले. ज्या नीटनेटकेपणाचा मला लहानपणी वैताग यायचा, त्याच्यावर आता माझा जीव टांगलेला होता. एखादी घडी चुकलेली दिसली की मी ती गुपचूप नीट करून ठेवायची.

हिवाळ्यात मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कागद दिला आणि म्हणाले, घड्याळ काढा. बाबांनी काय सुंदर गोल काढला. कंपास न वापरता. कडेने नक्षीची किनार काढली, खाली दोन पाय काढले. मग बारापासून सहापर्यंतचे आकडे लिहिले, ठसठशीत, आणि थांबले. डावी बाजू सगळी कोरी. "झालं," म्हणाले आणि कागद डॉक्टरांकडे सरकवताना तो त्यांच्या बाजूने सुलट करून दिला. गिऱ्हाइकाला साडी दाखवताना करायचे तसा. डॉक्टर हळू आवाजात बोलत राहिले. मी तो कागद मागून घेतला.

परत येताना, बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले, मागच्या सीटवर आईने माझा हात धरला. तिने बाहेर बघत विचारलं, "आपलं काई चुकलं असंल का व?"

मी म्हटलं, काही नाही गं. हा आजार आहे. मांडीवरच्या पर्समध्ये कागदाची पुडी होती.

आजारामुळे टाचण्या लागल्या, टाचण्यांमुळे आजार लागला नाही. एवढं सरळ गणित आहे. मी ते दिवसातून चार वेळा सोडवते, चारही वेळा उत्तर बरोबर येतं आणि चारही वेळा मला ते पटत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने बाबांची मांडणी केली. दुसरा शब्द नाही. पांढरा सदरा, कडक इस्त्री, वरचं बटन लावलेलं, केसांचा भांग, हातात पंचांग दिलेलं. दारासमोरच्या खुर्चीत, उजेड डाव्या बाजूने येईल असे बसवलेले. येणाऱ्या बायकांची नावं ती त्यांना ऐकू जाईल अशी आधीच मोठ्याने घ्यायची. "या या कुसुमकाकू, बसा." मग बाबा म्हणायचे, "बसा कुसुमवहिनी." बायका म्हणायच्या, किती छान दिसतात हो शेटजी. दोन मिनिटं सगळं ठीक चालायचं. दोन मिनिटांच्या पुढे बोलणं गेलं की आई तिळाची वडी घेऊन मध्ये यायची. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला दुकानाची काच आठवत होती. पुढून नवरी. आम्ही बाबांना समोरून दाखवत होतो आणि पाठीमागे आई आणि मी टाचण्या धरून उभ्या होतो. यात वाईट काय, असंही मी स्वतःला विचारलं. लाज झाकायला केलं तर देखावा आणि मान राखायला केलं तर शोभा, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखीच दिसतात. आतून कोणतं आहे ते त्या दिवशी मला ठरवता आलं नाही.

तर यंदा. आवाहनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पोचले. मी बसमध्ये ठरवूनच आले होते की साड्या मी नेसवणार. आईला तसं सांगितलं.

"नाई," आई म्हणाली.

"आई, बाबांना आता जमणार नाही."

"हात रिकामे ठेवले तं ते दिवसभर भिंतीकडे पाह्यत बसतात. ह्या तीन दिवसाची वाट पाहून राह्यले ते. रोज विचारतात, आल्या का?" मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "नेसवू दे त्याइले. मंग पाहू."

मग पाहू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. घरातल्या सगळ्या टाचण्या मात्र मी गोळा केल्या. कॅलेंडरच्या, कपाटाच्या, शिवणाच्या डब्यातल्या. बाबांचे जुने दुकानी शर्ट काढून खिशाच्या पट्ट्या बोटांनी चाचपल्या. मुलांच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं घर निर्धोक केलं आणि मग मला जरा झोप लागली.

सकाळी बाबांनी अंघोळ करून सोवळं नेसलं. नव्या साड्या समोर ठेवल्या तेव्हा त्यांनी त्यांच्यावरून हात फिरवला, काठ पारखला, आईकडे बघून म्हणाले, "माल चांगला हाय." मग त्यांनी काम सुरू केलं. मी समोर बसून बघत होते. त्यांची बोटं बघताना मला वाटलं, डॉक्टरांचं काहीतरी चुकलं असेल. एकाखाली एक निऱ्या पडत होत्या. मान जराशी तिरकी, जीभ दातात. पदर त्यांनी दोन वेळा सोडला आणि दोन वेळा परत घेतला, तिसऱ्यांदा तो असा पडला की मोतिया काठ अगदी खांद्याच्या कडेवरून खाली आला. देखणं काम बघताना जी शांतता वाटते ती मला कितीतरी महिन्यांनी वाटली. मग ते मागे गेले आणि दिसेनासे झाले. मला फक्त कापडाचा आवाज येत होता. घडी कोंबल्याचा.

मी नव्या साड्यांचा विचारच केला नव्हता. नवी साडी पुठ्ठ्यावर घडी घालून येते आणि त्या घडीत टाचण्या असतात.

बाबा बाहेर आले, चार पावलं मागे गेले, दोघींना न्याहाळलं. "पाणी देजो," आईला म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले. मुखवटे आत यायला अजून तासभर होता.

आई उठली. बाबांना पाण्याचा पेला देऊन आली, दार लोटलं, तिने फडताळातून बामची रिकामी डबी काढली आणि भिंत आणि अडणी यांच्यामधल्या फटीत अंग चोरून शिरली. मला म्हणाली, "तू तिकडून ये. दोरा घेजो." मी सुई-दोरा घेऊन दुसऱ्या बाजूने शिरले. आम्ही दोघी मायलेकी पाठीला भिंत लावून, समोर महालक्ष्म्यांच्या पाठी, अशा उभ्या होतो. आईने डबीचं झाकण उघडलं. आत टाचण्या होत्या. काही नव्या, बऱ्याचशा काळपट पडलेल्या.

"ह्या कुठल्या?" मी विचारलं.

"मागच्या सालाच्या आधीच्या. आन् त्याच्याही आधीच्या." ती घडीतून टाचणी ओढत होती. "मुखवटे यायच्या आत मीच काहाडून टाके घालत होती. मागच्या साली डोळ्यानं घात केला. वाकता येई ना, तुले सांगतो म्हटलं तं तोंडातून निघे ना."

"तुला माहीत होतं?"

"पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी साड्या पाह्यल्या. भोकं होती, टाचण्या नव्हत्या. म्हटलं, पोरीनं काहाडल्या. मंग पर्समधली पुडीबी दिसली." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुया पर्समधल्या आणून टाक यात. काऊन घेऊन फिरते?"

वर्षभर मी जी गोष्ट तिच्यापासून झाकली ती तिने माझ्यापासून झाकली होती. गाडीत हात धरून तिने विचारलं होतं, काही चुकलं का, तेव्हा तिला उत्तर माहीत होतं. मी सांगते का तेवढंच ती बघत होती. माझ्या हातातला दोरा सुईत जाईना. मी विचारलं, अगदी हळू, कारण समोरच त्या दोघींच्या पाठी होत्या, "आई, गेल्या वर्षी तीन दिवस टोचत राहिल्या असतील. त्यामुळे तर नाही ना?"

आईने हातातली टाचणी डबीत टाकली. मग म्हणाली, "टोचलं असंल. पण माहेरी आलेली पोरगी बोलून दाखवते का?" आणि नंतर, तिच्या त्या वाक्याने धीर आल्यासारखं वाटत होतं तेवढ्यात, "मले बी भेव वाटते व. रोज वाटते."

दार उघडलं. बाबा पाण्याचा पेला हातात घेऊन आत आले होते. त्यांनी फटीत आम्हाला पाहिलं. चोरी करताना पकडल्यासारख्या आम्ही दोघी थिजलो. आईच्या हातात घडीचं टोक होतं, माझ्या हातात सुई. बाबांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, मोकळं, आदबशीर, आणि ते हसू मी ओळखलं. दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक बाईसाठी ते असायचं.

"बाई," बाबा आईला म्हणाले, "मांगून काय पाहून राह्यल्या? इकडून या. साडी समोरून पाहा."

बेचाळीस वर्षांच्या संसारात आईला त्यांनी कधी बाई म्हटलं नव्हतं. तिच्या हातातलं टोक सुटलं. मला वाटलं ती आता रडेल, किंवा त्यांचं नाव न घेता जसं ती हाक मारते तसं "अवं" म्हणेल. आईने पदर डोक्यावरून सारखा केला.

"समोरून पाह्यली शेटजी," ती म्हणाली. आवाज फक्त पहिल्या शब्दाला हलला. "लय सुंदर लावली तुमी."

"घरी कोणासाठी नेता?"

"पोरीसाठी. माहेरी आली."

बाबांचं हसू ओसरलं. ते काहीतरी आठवत होते. मोठ्या कष्टाने, अंधाऱ्या कपाटात हात घालून वस्तू शोधावी तसे. पेला त्यांनी पाटावर ठेवला, कड भिंतीशी समांतर करून. मग ते माझ्या बाजूने फटीत शिरले. इतके जवळ आले की त्यांच्या अंगाचा साबणाचा वास मला आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी थांबले, आता म्हणतील, आता माझं नाव घेतील.

"मंग थांबा," ते म्हणाले. "टाचण्या काहाडून देतो. पोरीले चालत नाईत."

ते काढू लागले. बोटं बरोबर जागेवर जात होती. मी तळहात पुढे केला आणि ते एकेक टाचणी माझ्या हातावर ठेवू लागले, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला करून. आई पलीकडून निऱ्या धरत होती. बाहेर कुसुमकाकूंनी हाक दिली, मुखवट्यांची वेळ झाली म्हणून. बाबा पुढची टाचणी शोधत होते. शेवटची टाचणी ठेवल्यावर बाबांनी माझी बोटं हळूच मिटवली.

"जपून धरा बाई," ते मला म्हणाले, "टोचंल."